न उघडलेली खोकी

सकाळी उठल्यावर त्याने नेहमीप्रमाणे आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडली, पातेलीत एका कपापुरते पाणी ठेवले आणि ते तापेपर्यंत टेबल पुसून घेतले. टेबल चार माणसांचे होते. भिंतीकडच्या अर्ध्या भागावर खोकी रचलेली असल्यामुळे पुसायचा तो उरलेला अर्धा भाग. पण फडके हातात होतेच, तेव्हा खोक्यांवरूनही त्याने ते फिरवले. सर्वांत खाली मदरबोर्डचे रुंद, चपटे खोके. त्यावर वीजपुरवठ्याचे, विटेसारखे जड. मग पंख्याचे, डिस्कचे, प्रोसेसरचे, आणि अगदी वर रॅमच्या पट्टीचे, पेन्सिलींच्या डबीएवढे. कॅबिनेटचे भले मोठे खोके सोफ्याला टेकून जमिनीवर उभे होते आणि गेल्या हिवाळ्यापासून त्याच्यावर वर्तमानपत्रे साचत होती.

चहा झाला. पावाचे दोन तुकडे खाऊन त्याने कप विसळला, उपडा ठेवला. खिशातल्या मऊ कापडाने चष्मा पुसला. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसणाऱ्या माणसांबद्दल त्याचे मत फारसे चांगले नव्हते. एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम तो तरुणपणापासून करत आला होता. मग त्याने फोन पाहिला. मुलीचा निरोप होता: "उठलास का बाबा? मी आत्ता झोपतेय. रात्रपाळी."

"झोप," असे त्याने लिहिले. आणखी काही लिहावे म्हणून अंगठा थोडा वेळ पडद्यावर धरला, आणि फोन खाली ठेवला.

मुलीला तो ठकू म्हणत असे. ती शाळेत असतानाच तिची आई गेली, आणि तेव्हापासून घरात दोघेच होती. गेल्या हिवाळ्यात शेवटची परीक्षा आटोपून ठकू घरी बसली होती, तेव्हा तिच्या डोक्यात आले की आपण कॉम्प्युटर जोडायचा. आयता आणायचा नाही. एकेक भाग आणून आपल्या हातांनी उभा करायचा. "तुला काय येतं त्यातलं?" त्याने विचारले होते. "काही नाही. तुला?" "मला तरी कुठे." "मग झालं तर. दोघं सारखेच ढ." दोघे मिळून बाजार हिंडली, कुठला भाग कुठल्या भागाशी जमतो यावर जेवताना वाद घातले, आणि खोकी एकेक करून टेबलावर येत गेली. शेवटचे खोके आले त्याच आठवड्यात तिला दूरच्या शहरातून नोकरीचे बोलावणे आले. निघताना दारात पिशवी खांद्यावर घेऊन ती म्हणाली होती, "हात लावायचा नाही हं. मी सुट्टीत आले की जोडू. शपथ घे."

"अगं, खोकी आहेत. त्यांची काय शपथ?"

"घे म्हणते ना."

त्याने घेतली. त्यानंतर पहिली सुट्टी कामात गेली, दुसरी आजारपणात, तिसरीबद्दल दोघांनीही फार खोलात विचारले नाही.

त्या दिवशी दुकान बंद होते. सुट्टीच्या दिवशी त्याची सकाळ लवकर संपे. कपडे धुऊन झाले, वर्तमानपत्र वाचून झाले, ते कॅबिनेटच्या खोक्यावर ठेवताना त्याला सुट्या भागांच्या दुकानदाराचे बोलणे आठवले. चारच दिवसांपूर्वी तो रस्त्यात भेटला होता. "काका, जोडला का? नाही? अहो, एखादा भाग खराब निघाला तर वर्षाच्या आत सांगा. मग कंपनी हात वर करते." तेव्हापासून ही गोष्ट त्याच्या मनात होती. भाग एकदा तपासून घेणे शहाणपणाचेच होते; ठकूच्याच हिताचे होते. इतके चांगले कारण असूनही खोके उघडताना त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला, यावरून त्याचे त्यालाच जे कळायचे ते कळले. खरे कारण एवढेच, की दुपार त्याच्यापुढे रिकामी पडली होती आणि तिचे काय करावे हे त्याला सुचत नव्हते.

खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या त्याने फाडल्या नाहीत. पात्याने सरळ रेषेत कापल्या. पिशव्या, तारांची वेटोळी, स्पंजचे तुकडे ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने सोफ्यावर मांडले. कॅबिनेटच्या काचेवरची पातळ पारदर्शक फिल्मसुद्धा त्याने कोपऱ्यापासून हलक्या हाताने सोडवली आणि टाकून न देता खणात सपाट ठेवली. काचेवरून निघालेली वस्तू सहजासहजी टाकायची नाही, ही हातांची जुनी सवय.

पुस्तिकेतील चित्रे बारीक होती. त्याने दुकानातले भिंग डोळ्याला लावले. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण होता, तसाच त्रिकोण मदरबोर्डवरच्या चौकटीतही. दोन्ही जुळवून प्रोसेसर वरून सोडला, तसा तो कुणी न सांगता आपल्या जागी जाऊन बसला. त्याला मनापासून बरे वाटले. तीस वर्षांपूर्वी त्याच्या हाती काच देताना दुकानातल्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, की काचेला जोर लावायचा नाही. बसत नसेल तर तुझी घासणी चुकली. ती बरोबर असेल तर काच आपण होऊन बसते. या नव्या जगातही तोच नियम चालतो म्हणायचा. मग रॅमची पट्टी. तिच्या खाचेची दिशा पाहून त्याने ती फटीत उभी केली, दोन बोटांनी अलगद खाली नेली, ती थांबली तिथे तोही थांबला. पंखा बसला, डिस्क बसली, तारा जोडल्या, जुना मॉनिटर कपाटावरून उतरवला. दिवस कलता असताना त्याने बटण दाबले.

पंखे फिरले. पडदा काळाच राहिला. मदरबोर्डच्या कडेला मोहरीएवढा एक लाल दिवा लागला आणि लागूनच राहिला.

पुस्तिकेत पाहिले तर तो दिवा रॅमचा. म्हणजे पट्टीच खराब. दुकानदार म्हणाला होता तेच खरे निघाले, असे मनाला बजावत त्याने पट्टी काढली, पुन्हा तशीच अलगद ठेवली. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल. कॅबिनेट तसेच उघडे ठेवून तो अर्ध्या टेबलाऐवजी ओट्यापाशी उभ्याने जेवला. टेबल आता पुरते भरले होते.

दुसऱ्या दिवशी कामावर काउंटरवरच्या ताईंनी त्याला मागच्या खोलीच्या दारातूनच हटकले. गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम ठेवून "वा, दहा वर्षं लहान दिसताय" असे न चुकता म्हणणे हे त्यांचे काम, आणि दुकानातली यच्चयावत बातमी ठेवणे हा त्यांचा स्वभाव.

"दादा, डोळे सुजलेत. रडलात की जागलात?"

"कॉम्प्युटर जोडत होतो."

"तो? पोरीबरोबर जोडायचा तो?" ताईंनी हातातली फ्रेम खाली ठेवली. "आणि शपथ?"

"तपासून बघत होतो नुसता. एक भाग खराब निघालाय."

"बरोबर आहे. आमचे हेही मिठाई नासली नाही ना, हे तपासून बघतात. डबा रिकामा होईपर्यंत तपासतात."

संध्याकाळी तो पट्टी कापडात गुंडाळून सुट्या भागांच्या दुकानात गेला. दुकानदाराने ती आपल्या मशीनला लावली. पडदा लगेच उजळला.

"काका, पट्टी ठणठणीत आहे."

"मग माझ्याकडे लाल दिवा का?"

"बसवलीत कशी ते दाखवा बघू."

त्याने दोन बोटांनी हवेत दाखवले. दुकानदार मोठ्याने हसला. "तुम्ही तिला झोपवताय, काका. बाळ आहे का ते? चटक असा आवाज आला होता? दोन्ही टोकांना?"

"आवाज? आमच्याकडे आवाज आला म्हणजे काच गेली."

"आणि आमच्याकडे आवाज नाही आला म्हणजे पट्टी बसलीच नाही. अंगठ्यांनी दाबा. बोर्ड जरा वाकेल, तुमचा जीव घाबरा होईल, तरी दाबा."

घरी येऊन त्याने बूटही न काढता पट्टी फटीत उभी केली. अंगठे वर ठेवले. दाबले, बोर्ड खरोखरच वाकला आणि त्याचे हात आपोआप मागे आले. तीस वर्षे ज्या हातांनी नेमके याच क्षणी थांबायचे शिकून घेतले होते, त्यांना पुढे ढकलणे सोपे नव्हते. दुसऱ्या खेपेस त्याने डोळे मिटून घेतले. चटक. त्याच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. दुसरे टोक. चटक. डोळे उघडले तेव्हा काहीच फुटलेले नव्हते.

बटण दाबल्यावर लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. तो हसला. "अगं बघ," असे म्हणून त्याने मागे पाहिले. मागे सोफा होता, आणि सोफ्यावर ओळीने मांडलेल्या रिकाम्या पिशव्या.

पुढचे आठवडे चांगले गेले, हे त्याने कुणाजवळ कबूल केले नसते. दुकानदाराने दिलेल्या पेन ड्राइव्हवरून त्याने, चुकत आणि मागे येत, कॉम्प्युटर चालता केला. आता कामावरून आल्यावर दिव्याच्या आधी तो ते बटण दाबी. पंखे सुरू होत. काचेआड एक निळसर उजेड पडे. भाजी चिरताना, भांडी घासताना बाहेरच्या खोलीतून ती बारीक घरघर येत राही. कॉम्प्युटरवर तो फारसे काही करत नसे. वर्तमानपत्र वाची, ठकूचे लहानपणचे फोटो मोठे करून पाही. त्याला हवा होता तो आवाज. घरात आपण केलेल्या आवाजाखेरीज दुसरा कसला तरी आवाज असावा, आणि तो आपल्या हातांनी उभा केलेला असावा, यात काय सुख आहे हे त्याला इतक्या वयात प्रथमच कळत होते.

ठकूचा व्हिडिओ कॉल आला की मात्र तो कॉम्प्युटर बंद करी आणि भिंतीकडे पाठ करून बसे.

"बाबा, तू आजकाल स्वयंपाकघरात काय बसतोस? मागे नळ दिसतोय."

"इथे उजेड बरा येतो."

"आपली खोकी कशी आहेत?"

"कशी असणार? खोकी आहेत."

"पुसतोस ना?"

"रोज," तो म्हणाला. त्यात खोटे तसे काही नव्हते. रिकामी खोकी त्याने पलंगाखाली ठेवली होती आणि खरोखरच रोज पुसत होता. सांगून टाकावे असे प्रत्येक वेळी ओठांवर येई. मग ती घाईत असे, किंवा तिची पाळी सुरू व्हायची असे, आणि तो "जेवलीस का" एवढेच विचारी.

असाच एकदा संध्याकाळी तिचा फोन आला. साधा फोन, चेहरा न दाखवता.

"बाबा, मी येतेय. पुढच्या आठवड्यात."

"ये की. अचानक? बरी आहेस ना?"

"बरी आहे. सुट्टी मागितली, दिली. खरं म्हणजे त्यांनीच सांगितलं घे म्हणून. परवा एका माणसाच्या तक्रारीवर मी रडले, फोनवरच. तक्रार इस्त्रीची होती, बाबा."

तक्रारी ऐकणे हेच तिचे काम आहे, एवढे त्याला माहीत होते. ते काम कसे असते, हे त्याने कधी विचारले नव्हते.

"बोलायची वाक्यंसुद्धा लिहून दिलेली असतात रे," ती म्हणाली. "'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.' दिवसभर तेच. सगळं कुणीतरी आधीच जोडून ठेवलेलं, मी नुसती जाऊन बसायचं. खोलीवर आले की कुणाशी बोलायला गेले तरी तेच वाक्य तोंडात येतं. म्हणून म्हटलं घरी जावं. एक गोष्ट तरी पहिल्यापासून हातानं करावी. तू हात नाही ना लावलास?"

खोलीत पंख्यांची घरघर चालू होती. त्याने फोनवर तळहात धरला, टेबलापाशी जाऊन बटण दाबून ठेवले. घरघर थांबली.

"बाबा?"

"नाही गं," तो म्हणाला. "तसंच आहे सगळं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिने सोडलेला श्वास त्याला स्पष्ट ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने ताईंना सगळे सांगितले. ताईंनी डब्याचे झाकण हातात धरून ठेवले.

"अहो, खरं सांगून टाका. मुलगी आहे, सासू नाही. हसेल, म्हणेल वा रे बाबा."

"म्हणेलच."

"मग?"

"म्हणेल वा बाबा. आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसेल. तेही तयारच असेल ना तिच्यासाठी. आयतं."

ताई म्हणाल्या, "म्हणजे चालता कॉम्प्युटर मोडणार तुम्ही. पोरीसाठी. आमच्या ह्यांनी माझ्यासाठी पंख्याखालची खुर्चीसुद्धा कधी सोडली नाही." त्यांनी झाकण ठेवले. "आणि तिला कळलं तर? तुमचं तोंड म्हणजे काच आहे, दादा. आरपार दिसतं."

ठकूशी आपण खोटे बोललो, ही गोष्ट त्याला दिवसभर टोचत होती. खरे सांगून तो सल काढता आला असता. पण मग तो मोकळा झाला असता, ती नव्हे. संध्याकाळी घासणीच्या दगडावर शेवटची काच फिरवून त्याने ती उजेडाकडे धरली, कड तपासली, फ्रेममध्ये बसवली. तोपर्यंत त्याचे ठरले होते. बोललो ते आता खरे करायचे. निघताना त्याने मालकांना विचारून काच पुसायच्या स्पिरिटची छोटी बाटली घेतली, आणि वाटेत दुकानदाराकडून थर्मल पेस्टची, म्हणजे प्रोसेसर आणि पंखा यांच्यामध्ये लावायच्या लेपाची, नवी नळी.

"काका, जोडलेला आहे ना? मग ही कशाला?"

"पुन्हा जोडायचाय."

"बिघडला?"

"नाही. उत्तम चालतोय."

दुकानदाराने त्याच्याकडे पाहिले आणि डिस्क पूर्ण कोरी कशी करायची हेही, विचारल्यावर, कागदावर लिहून दिले.

सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या उजेडात, त्याने काम हाती घेतले. आधी फोटो फोनमध्ये परत घेतले आणि डिस्क कोरी केली. तो ते करत असताना पंखे जरा मोठ्याने फिरत होते. ते थांबल्यावर त्याने थोडा वेळ तसाच बसून घरातली शांतता ऐकली. रस्त्यावर कुणीतरी सायकलला टेकून कुणाला तरी हाका मारत होते. मग त्याने वायर काढली.

तारा सोडवून पहिल्या वेटोळ्यांप्रमाणे गुंडाळल्या. पंखा काढला, डिस्क सोडवली. प्रोसेसरवरचा करडा लेप स्पिरिटने मऊ केला आणि कापडाने, काचेवरचे बोटाचे ठसे काढावेत तसा, मधून कडेकडे पुसत नेला. धातू पुन्हा आरशासारखा झाला तेव्हा त्यात त्याला स्वतःचे नाक दिसले. कॅबिनेटची काच न्हाणीघरात नेली, तिच्यावर साबणाचे पाणी शिंपडले आणि खणातली फिल्म एका कडेने सोडत सोडत तिच्यावर ठेवली. कापडाच्या घडीने पाणी बाहेर लोटले. एक बुडबुडा कोपऱ्यात अडकून राहिला. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि राहू दिला. नव्या वस्तूतही एखादा बुडबुडा असतो.

पिशव्या भरल्या. चिकटपट्ट्यांच्या कापलेल्या रेषा पुन्हा एकमेकींना भिडवून चिकटवल्या; भिंग लावून पाहिले तरच त्या दिसल्या असत्या, आणि ते भिंग दुकानात परत जाणार होते. स्क्रूंची पुडी तेवढी जरा ढिली झाली होती. ती त्याने मदरबोर्डच्या खोक्यात खाली सारली.

रॅमची पट्टी त्याने मुद्दाम शेवटपर्यंत मदरबोर्डवरच ठेवली होती; तेवढा बोर्ड अजून बाहेर होता. दोन्ही टोकांचे खटके अंगठ्यांनी बाहेर रेटले. चटक. आधी ऐकलेला असूनही तो दचकला. म्हणजे ठकू दाबील तेव्हाही आपल्याला दचकण्याचे सोंग करावे लागणार नाही, हे त्याच्या ध्यानात आले. पट्टी डबीत आणि बोर्ड त्याच्या खोक्यात घालून त्याने दोन्ही झाकणे बंद केली.

खोकी टेबलाच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागावर रचली: मदरबोर्ड, वीजपुरवठा, पंखा, डिस्क, प्रोसेसर, सर्वांत वर रॅम. मॉनिटर कपाटावर गेला. कॅबिनेटचे खोके सोफ्याला टेकवले आणि त्याच्यावर त्या आठवड्याची वर्तमानपत्रे ठेवली. एकच पेचकस बाहेर राहिला होता, इतके दिवस वापरलेला. तो पुसून त्याने रॅमच्या डबीशेजारी ठेवला, आणि जरा विचार करून खणातून दुसरा काढून त्याच्या बाजूला ठेवला.

मग हात धुऊन, पातेलीत एका कपापुरते पाणी ठेवून, तो उरलेले अर्धे टेबल पुसू लागला.